कोंडलेला प्रकाश

मनुष्याने प्रथम अग्नी पेटविला, तेव्हापासून अंधाराशी त्याचा झगडा चालू आहे. पणती, चिमणी, कंदील, गॅसबत्ती आणि विजेचा दिवा ह्या त्या झगड्यातील एकेक पायऱ्या होत. ह्या सर्व दिव्यांत एक गोष्ट समान आढळते. आधी काहीतरी तापवावयाचे आणि ते पुरेसे तापले म्हणजे त्यापासून प्रकाश मिळवावयाचा, हीच त्यांची रीत. पणतीत तेल जळते. काचेच्या गोळ्यातील जुन्या विजेच्या दिव्यात टंगस्टन धातूची बारीक तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व झगझगू लागते. परंतु ह्या रीतीत विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. शंभर भाग वीज खर्च करावी, तेव्हा उजेडाच्या रूपाने जेमतेम पाच भाग हाती लागावेत, असा हा व्यवहार होता.

आता आपल्या घरांत, शाळांत आणि रस्त्यांवर जो नवा दिवा आला आहे, त्याची रीत निराळी आहे. त्याला आपण एलईडी म्हणतो. ह्यात ज्योत नाही, तापून लाल होणारी तार नाही. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा एका स्फटिकाच्या तुकड्यातून वीज जाते आणि तो तुकडा प्रकाशू लागतो. पूर्वी ६० वॅटचा दिवा जितका उजेड देई, तितका उजेड हा दिवा सुमारे ९ वॅटमध्ये देतो. परंतु मुलांनो, हे यश एका दिवसात मिळालेले नाही. ह्या दिव्याला दोन कामे करावी लागतात. पहिले काम प्रकाश निर्माण करण्याचे आणि दुसरे तो प्रकाश बाहेर सोडण्याचे. पहिले काम किती कठीण होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. दुसरे कामही तितकेच बिकट होते. ते कसे साधले, हे ह्या पाठात आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम प्रकाश निर्माण कसा होतो ते पाहू. तांब्यातून वीज सहज वाहते. लाकडातून किंवा काचेतून ती वाहत नाही. ह्या दोहोंच्या मधले असे काही पदार्थ आहेत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड हे पदार्थ त्या जातीचे. अर्धवाहकात दुसऱ्या द्रव्याचा अगदी अल्पसा अंश मिसळला, तर त्याचे दोन प्रकार तयार करता येतात. एका प्रकारात इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म ऋण कण अधिक असतात. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या असतात. त्यांना आपण पोकळ्या म्हणू. हे दोन थर एकमेकांस जोडून त्यांतून वीज सोडली, म्हणजे दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन व पोकळ्या सांध्याकडे येतात. तेथे इलेक्ट्रॉन पोकळीत पडतो आणि पडताना आपली जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. इलेक्ट्रॉनाची ही उडी लहान असेल तर प्रकाश तांबडा दिसतो; मोठी असेल तर निळा दिसतो.

अशा रीतीने डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा डायोड १९६२ साली अमेरिकेतील निक होलोन्याक ह्या शास्त्रज्ञाने तयार केला. पुढे पिवळा व हिरवा प्रकाशही मिळू लागला. मात्र निळा प्रकाश हाती येईना. निळ्यावाचून पांढरा उजेड मिळणे शक्य नव्हते, कारण निळा प्रकाश एका विशिष्ट भुकटीवर पाडला असता त्याचा काही भाग पिवळा होतो आणि निळा व पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड भासतो. निळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक हवा होता. तो वाढविणे इतके अवघड होते, की अनेक संशोधकांनी तो नाद सोडून दिला.

ज्यांनी सोडला नाही, त्यांपैकी तिघे जपानचे होते. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो ह्यांनी १९८६ साली नीलमाच्या चकतीवर आधी अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर उत्तम स्फटिक वाढविला. शुजी नाकामुरा हे तोकुशिमा प्रांतातील निचिया ह्या कंपनीत काम करीत होते. त्यांनी आपल्या स्वतंत्र मार्गाने प्रयत्न चालविले आणि १९९३ साली तेजस्वी निळा डायोड जगापुढे आला. ह्या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ह्या निळ्या डायोडच्या पोटात एक अतिसूक्ष्म रचना असते. प्रकाश जेथे निर्माण होतो, तो थर अवघा दोनतीन नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या थराच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. इतका पातळ थर कशासाठी? जत्रेच्या विस्तीर्ण मैदानात दोन मित्र एकमेकांना शोधू लागले, तर त्यांची गाठ पडणे कठीण. तेच एखाद्या अरुंद बोळात शिरले, तर गाठ पडल्यावाचून राहणार नाही. इलेक्ट्रॉन व पोकळी ह्यांना अशाच अरुंद जागेत आणून सोडले, म्हणजे त्यांची भेट लवकर होते आणि प्रकाश विपुल निर्माण होतो.

येथवर पहिले काम झाले. प्रकाश निर्माण झाला. परंतु तो बाहेर येईना! त्याचे कारण समजण्यासाठी एक लहानसा प्रयोग करून पाहा. काचेचा स्वच्छ पेला पाण्याने भरा आणि तो डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर धरून पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून तिरपे पाहा. तो पृष्ठभाग तुम्हांला चांदीच्या आरशासारखा चकाकताना दिसेल. पाण्याच्या वर धरलेले बोट त्यातून दिसणार नाही. असे का व्हावे? पाण्यातून हवेत येणारा किरण पृष्ठभागावर सरळ येऊन आदळला, तर तो बाहेर पडतो. तो तिरपा आला, तर बाहेर पडताना आणखी तिरपा होतो. ह्या तिरपेपणाला एक मर्यादा आहे. पृष्ठभागावर काढलेल्या लंबाशी किरणाने केलेला कोन सुमारे ४९ अंशांहून मोठा झाला, की किरण बाहेर पडतच नाही. तो सगळाच्या सगळा आत परततो. ह्यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

पाण्यासाठी ही मर्यादा ४९ अंशांची आहे. पदार्थ प्रकाशाला जितका अधिक वाकवितो, तितकी ती मर्यादा लहान होत जाते. हिऱ्यासाठी ती अवघी २४ अंशांची आहे. म्हणूनच पैलू पाडलेल्या हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत अनेकदा परावर्तित होतो आणि हिरा लखलखतो. गॅलियम नायट्राइडची मर्यादाही जवळजवळ हिऱ्याइतकीच आहे. हिऱ्याचा जो गुण, तोच दिव्याचा मात्र मोठा दोष ठरतो. सपाट व गुळगुळीत स्फटिकात शंभर किरण निर्माण झाले, तर त्याच्या वरच्या पृष्ठभागातून थेट हवेत बाहेर पडतात ते सुमारे चारच. बाकीचे वरून खाली, खालून वर असे हेलपाटे घालतात आणि अखेर स्फटिकातच शोषले जाऊन त्यांची उष्णता होते. ही उष्णता दिव्याचे आयुष्यही कमी करते. 'दिव्याखाली अंधार' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर दिव्याचा उजेड दिव्याच्याच पोटात कोंडला जात होता. एवढ्या कष्टांनी मिळविलेला प्रकाश असा वाया जावा, ह्याहून मोठे नुकसान ते कोणते?

ह्यावर पहिला उपाय योजण्यात आला तो पारदर्शक आवरणाचा. स्फटिकावर प्लॅस्टिकसारख्या स्वच्छ द्रव्याचा घुमट बसविला, तर स्फटिकातून एकदम हवेत जाण्याऐवजी प्रकाशाला मध्ये एक विसाव्याची जागा मिळते. अशाने वरच्या बाजूने शंभरांतील चाराऐवजी सुमारे दहा किरण थेट बाहेर पडू लागतात. तरी उरलेले पुष्कळ किरण आतच राहतात.

खरा उपाय सापडला तो स्फटिकाच्या पृष्ठभागातच. तुम्ही कॅरम खेळता ना? स्ट्रायकर फळीच्या एका कडेवर ज्या कोनात आपटतो, त्याच कोनात तो परततो. समोरची कड पहिलीशी समांतर असल्यामुळे तिच्यावरही तो तितकाच तिरपा आपटतो. आता कल्पना करा, की त्या कडा सरळ नसून करवतीच्या दात्यांसारख्या आहेत. मग प्रत्येक वेळी स्ट्रायकरची दिशा बदलेल आणि केव्हा ना केव्हा तो हव्या त्या दिशेने जाईल. स्फटिकातील किरणाचेही असेच आहे. दोन्ही पृष्ठभाग सपाट व समांतर असतील, तर एकदा अडकलेला किरण कितीही वेळा आपटला तरी अडकलेलाच राहतो. पृष्ठभाग खडबडीत केला, तर दर वेळी त्याची वाट बदलते आणि दोनचार हेलपाट्यांत त्याला सुटकेचा कोन सापडतो.

मात्र हा खडबडीतपणा कानशीने घासून आणता येत नाही. त्याचे माप फार सूक्ष्म लागते. प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो आणि निळ्या प्रकाशाच्या दोन लहरींच्या माथ्यांमधील अंतर हवेत सुमारे ४५० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरील उंचवटे साधारण ह्याच मापाचे असले, म्हणजे प्रकाश त्यांच्यावर आदळून सर्व दिशांना विखुरतो. इतके बारीक उंचवटे कोणत्या हत्याराने घडवावे? शास्त्रज्ञांनी येथे मोठी युक्ती केली. १९९३ साली अमेरिकेत एली याब्लोनोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ पापुद्र्यावर अतिसूक्ष्म गोळ्यांचा एक थर पसरला. मग त्यांनी तो पापुद्रा कोरणाऱ्या क्रियेपुढे धरला. गोळ्यांखालचा भाग झाकलेला असल्यामुळे तसाच राहिला आणि मधला भाग कोरला गेला. अशा रीतीने सारा पृष्ठभाग बारीक खांबांनी भरून गेला. ह्या डायोडमधून शंभरास तीस ह्या प्रमाणात प्रकाश बाहेर मिळाला. त्या काळी हे फार मोठे यश होते.

गॅलियम नायट्राइडच्या बाबतीत तर हा खडबडीतपणा स्फटिकाने आपण होऊनच दिला. शुजी नाकामुरा पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नीलमाच्या चकतीवरून स्फटिकाचा थर लेसर किरणांनी सोडविला आणि त्याची उघडी पडलेली बाजू दाहक क्षाराच्या द्रावणात ठेवून तिच्यावर तीव्र प्रकाश पाडला. द्रावणाने ती बाजू सरसकट झिजली नाही. स्फटिकाच्या अणूंची आतील मांडणी षट्कोनी असते. तिला अनुसरून पृष्ठभागावर असंख्य षट्कोनी शंकू उभे राहिले, जणू डोंगररांगांचे चिमुकले प्रतिरूपच! ह्या एका फरकाने त्याच दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश दुप्पट ते तिप्पट झाला. जास्त वीज द्यावी लागली नाही. आत कोंडलेल्या प्रकाशाला वाट मोकळी झाली, इतकेच.

ह्यानंतर निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. काही कारखान्यांत ज्या नीलमावर स्फटिक वाढवावयाचा, त्या नीलमावरच आधी लहान लहान शंकूंच्या ओळी घडवितात. काही संशोधकांनी स्फटिकाला अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी पाडली. ही छिद्रे ठरावीक अंतरावर, सैनिकांच्या रांगांप्रमाणे शिस्तीत मांडलेली असतात. त्या मांडणीमुळे प्रकाशाला आडवे धावणे कठीण होते व तो वरच्या दिशेने वळतो. २००९ साली अशा जाळीच्या, अवघ्या ७०० नॅनोमीटर जाडीच्या डायोडमधून, वर कोणताही घुमट न बसविता, आत निर्माण झालेल्या प्रकाशापैकी शंभरात ७३ भाग बाहेर काढता आल्याची नोंद झाली. कोठे थेट सुटणारे ते चार किरण आणि कोठे हे त्र्याहत्तर!

मनुष्य ह्या प्रयत्नात गुंतला असताना सृष्टीने ह्याच प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले होते. काजवा तुम्ही पाहिला असेल. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, पावसाची चाहूल लागताच, सह्याद्रीतील भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. काजव्याच्या पोटातही प्रकाश निर्माण होतो आणि त्यालाही कठीण आवरण भेदून बाहेर यावे लागते. २०१२ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी एका जातीच्या काजव्याचे हे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. प्रकाश देणाऱ्या भागावर त्यांना एकमेकांशी समांतर अशा अतिसूक्ष्म कंगोऱ्यांच्या रांगा आढळल्या. प्रकाशाच्या लहरीहूनही त्यांमधील अंतर लहान होते. इतके बारीक कंगोरे प्रकाशाला वेगवेगळे जाणवत नाहीत. जिथे एक उंच पायरी होती, तिथे जणू हळुवार उतार होतो आणि परत फिरणारा प्रकाश कमी होतो. संशोधकांनी तशाच कंगोऱ्यांचे भिंग घडवून ते एलईडीवर बसविले.

पुढील वर्षी, म्हणजे २०१३ साली, बेल्जियममधील नामूर विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेतील पनामा देशातल्या काजव्यांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. घरावर कौले जशी एकीवर एक चढवितात, तसे त्या काजव्याच्या आवरणावरील खवले किंचित कललेले असतात आणि प्रत्येक खवल्याची कड थोडी वर आलेली असते. हे खवले नॅनोमीटरच्या मापाहून बरेच मोठे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजावेत असे होते. त्या कडांपाशीच सर्वांत अधिक प्रकाश बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. त्यांनी तशाच उतरत्या छपरांच्या आकाराचा एक पारदर्शक थर तयार डायोडवर दिला. तेव्हा त्यातून निघणारा प्रकाश ५५ टक्क्यांनी वाढला. रानातल्या एका इवल्याशा कीटकाने प्रयोगशाळेतील विद्वानांना असा धडा दिला!

मुलांनो, ह्या संशोधनाचे मोल केवळ आकड्यांत नाही. दिव्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जादा किरण म्हणजे वाचलेली वीज होय. वीज वाचली म्हणजे ती निर्माण करण्यासाठी जाळावा लागणारा कोळसा वाचतो. जेथे विजेच्या तारा पोहोचणे कठीण असते, अशा डोंगरातल्या वाडीवरही दिवसा उन्हात ठेवलेल्या लहानशा सौर तबकडीवर असा दिवा रात्री चालतो. जुना तारेचा दिवा इतक्या थोड्या विजेवर फार वेळ तग धरू शकला नसता. त्या उजेडात पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला स्फटिकावरील षट्कोनी शंकू दिसत नाहीत. परंतु त्याच्या पानावर पडणाऱ्या उजेडाचा मोठा वाटा त्या अदृश्य शंकूंनीच मोकळा केलेला असतो.

गुळगुळीत आणि सपाट ते चांगले, असे आपण सहज मानतो. ह्या दिव्याच्या बाबतीत मात्र खडबडीत पृष्ठभागच उपयोगी पडला. ही गोष्ट शास्त्रज्ञांना कळली, कारण प्रकाश निर्माण होताच ते संतुष्ट होऊन थांबले नाहीत. निर्माण झालेला प्रकाश जातो कोठे, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. ज्ञानाचेही असेच आहे. ते मिळविण्यास कष्ट पडतातच. परंतु मिळविलेले ज्ञान मनातच कोंडून ठेवले, तर त्याचा उजेड दुसऱ्या कोणापर्यंत पोहोचत नाही. त्याला बाहेर येण्याची वाट करून देणे, हेही प्रत्येक शिकणाऱ्याचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. जुना तारेचा दिवा व एलईडी ह्यांच्या प्रकाश देण्याच्या रीतीत कोणता फरक आहे?
२. पांढऱ्या उजेडासाठी निळ्या प्रकाशाची गरज का होती?
३. 'हिऱ्याचा जो गुण, तोच दिव्याचा मात्र मोठा दोष ठरतो.' हे विधान स्पष्ट करा.
४. कॅरमच्या उदाहरणावरून लेखकास काय सांगावयाचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. पाण्याच्या पेल्याचा प्रयोग करून पाहा व तुम्हांला काय दिसले त्याचे पाच-सहा वाक्यांत वर्णन करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: हेलपाटे घालणे, नाद सोडणे, चाहूल लागणे, तग धरणे.
७. 'दिव्याखाली अंधार' ह्या म्हणीचा नेहमीचा अर्थ सांगा. पाठात तिचा उपयोग कोणत्या संदर्भात केला आहे?